पेरूच्या पानांचं तेल पिऊन शुगर जात नाही

'रोज सकाळी कोमट पाण्यात पेरूच्या पानांच्या तेलाचे 5 थेंब. 15 दिवसांत शुगर गायब, गोळ्या बंद! 100 टक्के नैसर्गिक, अपाय शून्य.' हा मेसेज मी दहादा तरी वाचून पुसला असेल. या वेळी तो आत्याकडे पोचला. तिने गोळ्या डबीतच ठेवल्या आणि तेल सुरू केलं. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, जिभेची आग होतेय म्हणून.

होणारच. तेल पाण्यात मिसळतं का? ग्लासात बघा, थेंब वर तवंग धरून बसतात आणि पहिल्याच घोटाला जसेच्या तसे ओठांना, जिभेला भिडतात. किलोभर पानांतून जेमतेम काही ग्रॅम निघणारा अर्क आहे हा. अशी तेलं अंगाला लावतानासुद्धा शंभर भाग साध्या तेलात एक-दोन भागच घालतात.

आता शुगरचं. यात अर्धं सत्य आहे, म्हणून तर माणसं फसतात. जपानमध्ये पेरूच्या पानांचा चहा 2000 सालापासून सरकारमान्य आरोग्यपेय म्हणून मिळतो. 2010 साली 'न्यूट्रिशन अँड मेटाबोलिझम' या नियतकालिकात त्यावरच्या प्रयोगांचा आढावा आला. पानांतली पॉलिफेनॉल्स पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांना अडवतात, त्यामुळे जेवणानंतर साखर जरा कमी चढते, असं त्यात आहे. (लिहिणारे चहा विकणाऱ्या कंपनीचेच संशोधक. असो.)

पण तो चहा आहे हो, तेल नव्हे! तेल काढताना पानांतून वाफ सोडतात, ती थंड करतात आणि पाण्यावर जे तरंगतं ते गोळा करतात. वाफेबरोबर येतात ती कॅरिओफायलीन, लिमोनीन यांसारखी वासाची, उडणारी द्रव्यं. पॉलिफेनॉल्स उडत नाहीत, ती मागे चोथ्यात राहतात. म्हणजे ज्याचे गोडवे मेसेजमध्ये गायलेत, तेच बाटलीत नाही. आणि गोळी बंद करा असं तर चहावाल्यांनीही म्हटलेलं नाही.

'तेलात लिंबाच्या कित्येक पट क जीवनसत्त्व.' तेही वाफेबरोबर उडत नाही. पुढे.

सगळ्यात भयंकर ओळ शेवटी आहे: 'पेरू नसेल तर कोणत्याही फळझाडाची पानं चालतील.' पीचची चालतील? ती चुरडली की त्यांतून हायड्रोजन सायनाइड सुटतं. चेरीच्याच कुळातल्या चेरी लॉरेलच्या पानांचं ऊर्ध्वपातित पाणी पाजून मेहुण्याला मारलं, या आरोपावरून इंग्लंडमध्ये 1781 साली जॉन डोनेलन फासावर गेला. तेही पाणी शंभर टक्के नैसर्गिकच होतं.

आत्याच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. बाटली मात्र ती टाकू देत नाही, वास छान आहे म्हणते. वास छान आहे, एवढं मलाही मान्य.