लॅपटॉप स्वस्त झाले ते फुकट लिनक्समुळे नव्हे

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका मजकुरात तीन दावे आहेत. संगणक स्वस्त झाले ते लिनक्समुळे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टीममुळे (संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम). विंडोज नसलेला लॅपटॉप घेतला तर निम्मे पैसे वाचतात. जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं की ते नव्यासारखं पळतं. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा मजकूर पटतो.

पहिला दावा पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम फुकट असल्याने किंमत ठरत असती, तर ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या गरीब देशांतल्या मुलांसाठीच्या प्रकल्पाचा लॅपटॉप एक्सओ-1 ठरल्याप्रमाणे 100 डॉलरमध्ये बसला असता. 2007 च्या या यंत्रावर लिनक्सच होतं. 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, 1 जीबीची फ्लॅश साठवण, म्हणजे जिथे तिथे काटकसर. तरी किंमत 200 डॉलरच्या घरात गेली. अलीकडचा दाखला रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचा. त्याची सिस्टीम पहिल्या दिवसापासून फुकट आहे, तरी डिसेंबर 2025 मध्ये 16 जीबीच्या ‘पाय 5’ची किंमत 120 डॉलरवरून 145 वर गेली, कारण एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून मेमरी चिप महागल्या. संगणकाचा भाव चढतो-उतरतो तो चिप, पडदा आणि मेमरीच्या भावाने.

मग लिनक्सचं श्रेय शून्य? अजिबात नाही, पण ते वेगळ्याच खात्यात जमा होतं. 2007 च्या अखेरीस असूसचा ईईई पीसी 701 आला: 7 इंची पडदा, 512 एमबी रॅम, 4 जीबीची साठवण, अमेरिकेत 399 डॉलर. तेव्हाच्या विंडोज व्हिस्टाला डिस्कवर 15 जीबी मोकळी जागा लागायची. ती इथे मावणंच शक्य नव्हतं. झँड्रॉस ही लिनक्सची आवृत्ती मावली. बाजार हातचा जातोय हे दिसताच मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2008 मध्ये, निरोपाच्या वाटेवर असलेल्या विंडोज एक्सपी होम या जुन्या आवृत्तीला अशा छोट्या लॅपटॉपपुरती (नेटबुक) मुदतवाढ दिली, तीही स्वस्त परवान्यात. 2014 मध्ये तर 9 इंचांहून लहान पडद्याच्या उपकरणांना विंडोज फुकटच केलं. तिथे गाठ लिनक्सवरच बेतलेल्या, फुकटच्या अँड्रॉइडशी होती. म्हणजे फुकट सिस्टीमने विंडोजचा भाव पाडला. ज्यांनी लिनक्सला कधी हातही लावला नाही, त्यांनाही त्याचा फायदा झाला. नेटबुकवर मात्र लिनक्स टिकलं नाही. लिनक्सवाले नेटबुक एक्सपीवाल्यांच्या चौपट प्रमाणात परत येतात, असं एमएसआय या लॅपटॉप कंपनीने 2008 मध्येच सांगितलं होतं. ग्राहकाला ओळखीचे प्रोग्रॅम हवे होते.

‘निम्मे पैसे’ हा हिशेब तर सरळ चुकलेला आहे. त्यात विंडोजची सुट्या विक्रीची किंमत धरलेली असते. लॅपटॉप कंपन्या घाऊक परवाना घेतात, तो कितीतरी स्वस्त पडतो. शिवाय चाचणी आवृत्तीचे अँटिव्हायरस वगैरे आधीच भरून देण्याबद्दल कंपनीला पैसे मिळतात, तेही बिनविंडोजच्या मशीनवर बुडतात. ‘डॉस’ लिहिलेला, म्हणजे विंडोज न घातलेला, लॅपटॉप घेण्याआधी त्याची आणि त्याच मॉडेलच्या विंडोजवाल्या जोडीदाराची रॅम, एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजीची चिपची साठवण) आणि पडदा एकसारखे आहेत ना, हे तपासा. पुष्कळदा फरक तिथेच असतो. आणि पुढे विंडोज लागणारच असेल तर हा सौदा उलटा पडतो: विंडोज 8 पासून कंपनीने घातलेल्या विंडोजची की (परवान्याचा क्रमांक) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यातल्या चिपवरच्या कायमच्या प्रोग्रॅममध्ये असते, डिस्क पुसली तरी जात नाही. डॉसवाल्या मशीनमध्ये ती नसतेच. मग दुकानदार ‘टाकून देतो’ म्हणतो, ते बहुधा चोरीचं असतं.

तिसऱ्या दाव्यात सर्वाधिक तथ्य आहे, विशेषतः 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार (नेहमीचे मोफत अपडेट) संपल्यापासून. पण क्रम चुकतो. मशीन रेंगाळतं ते बहुतेकदा फिरत्या हार्ड डिस्कमुळे, आणि लिनक्स घातल्याने डिस्क वेगाने फिरत नाही. आधी हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी बसवा, मग रॅम 8 जीबी करा. 4 जीबीत लिनक्स सुखाने चालेल, पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की तेही गुदमरेल. रॅम घेताना जुन्या पट्टीवरचं लेबल वाचा: 2013 नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना 1.35 व्होल्टची डीडीआर3एल लागते, 1.5 व्होल्टची साधी डीडीआर3 घातली तर मशीन सुरूच होत नाही.

डिस्क पुसण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ‘लाइव्ह’, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवून वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणं आणि प्रिंटर तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड असेल तर ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बहुधा वेगळा घ्यावा लागतो आणि तो उतरवायला नेट नसतं. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट संगणकाला देणं) सुरू केलं की काम होतं. कॅनॉनचा एलबीपी 2900 हा प्रिंटर दुकाना-दुकानांत दिसतो, पण त्याचा कॅप्ट ड्रायव्हर लिनक्सवर फार छळतो. ज्या मशीनवरून त्या प्रिंटरवर रोज पावत्या काढायच्या आहेत, त्यावरचं विंडोज पुसू नका.