कॅटच्या अध्यक्षांनी खुर्चीवर बसून काय केलं, ते विचारा

सकाळी सर्व्हिस मॅटर, म्हणजे सरकारी नोकरीचे खटले, चालवणाऱ्या आम्हा वकिलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. "कॅटचं अध्यक्षपद म्हणजे निवृत्त न्यायाधीशांचं पुनर्वसन. दिल्लीत बंगला, गाडी आणि आराम." खाली आपल्याच लोकांचे अंगठे. वाचून डोकंच फिरलं. कॅट म्हणजे केंद्रीय कर्मचाऱ्यांचे नोकरीचे वाद ऐकणारं केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण; ज्यांची रोजीरोटी त्याच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीवर) चालते, त्यांनी तरी असं लिहू नये.

बरं, याच ग्रुपवर नवीन अध्यक्ष आले की त्यांचा बायोडेटा येतो. अमुक साली वकिली, तमुक साली न्यायाधीश, मग मुख्य न्यायाधीश. हार, पेढे, अभिनंदन. अध्यक्ष म्हणून माणसाने काय केलं, त्याची एक ओळ नसते. माझा राग त्यावर आहे.

माधव रेड्डींचंच बघा. आंध्रचे मुख्य न्यायाधीश, मग मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. १९८५ च्या एप्रिल-मेमध्ये काही आठवडे महाराष्ट्राचे हंगामी राज्यपालसुद्धा. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कॅट सुरू झालं तेव्हा पहिले अध्यक्ष तेच. दिल्लीचं प्रधान पीठ आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास, अलाहाबाद, एवढ्यावर सुरुवात. उच्च न्यायालयांत आणि दिवाणी कोर्टांत पडलेली केंद्रीय कर्मचाऱ्यांची प्रकरणं कॅटच्या कायद्याच्या २९ व्या कलमाखाली इकडे आली, त्यांना टीए (वर्ग झालेला अर्ज) असे नंबर पडले. मूळ अर्ज कोणत्या नमुन्यात, फी किती (पन्नास रुपये), निवृत्त माणसाने तो राहतो तिथल्या पीठाकडे जायचं की शेवटच्या पोस्टिंगच्या, हे सगळं ज्या १९८७ च्या प्रक्रिया नियमांत आहे ते त्यांच्याच काळात आले. मुंबईत मात्र कोणाला विचाराल तर "राज्यपाल होते ना?" एवढंच.

मलिमथांचं तसंच. कर्नाटक आणि केरळचे मुख्य न्यायाधीश, मग कॅट, आणि पुढे फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणांची मलिमथ समिती. २००३ चा तो अहवाल सगळ्यांना माहीत. पण रजिस्ट्री (न्यायाधिकरणाची कचेरी) आजही ज्यावर चालते ते १९९३ चे कार्यपद्धतीचे नियम कॅटने स्वतः केले, तेव्हा अध्यक्ष कोण होते हे कोणी सांगत नाही. दाखल कागदांच्या स्क्रुटिनीत ऑब्जेक्शन निघालं की आपण ज्या नियमांना शिव्या घालतो, तेच ते.

अध्यक्ष नेमकं काय करतो हे न कळल्यामुळे पुनर्वसनाची भाषा येते. कोणतं बेंच कुठे, कोणासमोर बसेल हे तो ठरवतो. एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य मिळून बेंच होतं. एकट्या सदस्यासमोर कुठले विषय चालवायचे ते अध्यक्ष ठरवून देतो. मुंबईचं बेंच नागपुरात फिरतीवर किती वेळा बसणार हे शेवटी मनुष्यबळावर येतं, आणि ते वाटणं त्याच्या हातात. २५ व्या कलमाखाली एका पीठाकडचं प्रकरण दुसऱ्या पीठाकडे तोच पाठवतो, तो पीटी (प्रकरण हलवण्याचा) अर्ज दिल्लीलाच लावावा लागतो. आणि २६ वं कलम. दोन सदस्यांचं जुळलं नाही, की मुद्दा अध्यक्षाकडे.

या २६ व्या कलमावर एका माणसाची फाईल सध्या माझ्या टेबलावर आहे. केंद्राच्या एका खात्यात आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झालेला. बढतीच्या तारखेचा वाद. न्यायिक सदस्य म्हणाले तारीख मागे न्या, प्रशासकीय सदस्य म्हणाले अर्ज फेटाळा. निकाल दोन, सह्या दोन. त्या माणसाला वाटलं अर्धं तरी जिंकलो. प्रत्यक्षात त्याच्या हातात काहीच नव्हतं. बरोबरीत मत विभागलं की मतभेदाचा मुद्दा लेखी काढून अध्यक्षाकडे पाठवावा लागतो. अध्यक्ष स्वतः ऐकतात, नाहीतर दुसऱ्या सदस्याला देतात, आणि आधीचे दोघे धरून बहुमत मोजतात. इथे मुद्दाच धड काढलेला नव्हता. दोघांनी आपापले निकाल लिहिले आणि खाली "अध्यक्षांसमोर ठेवावे" एवढंच. मग फाईल फिरत बसते.

आता सांगा, त्या माणसाला अध्यक्ष आधी कोणत्या राज्याचा मुख्य न्यायाधीश होता याने काय फरक पडतो? त्याला फरक पडतो तो खुर्चीवर कोणी आहे का, आणि रेफरन्स (अध्यक्षाकडे पाठवलेला मतभेदाचा मुद्दा) किती दिवसांत ऐकला जातो, याने.

खुर्ची रिकामी असली की सरकार एखाद्या सदस्याला अध्यक्षाचं काम बघायला सांगतं. हंगामी माणूस रोजचं रेटतो, फिरती बेंच वाढवणं किंवा सदस्यांची फेरवाटणी असले निर्णय सहसा पुढे ढकलतो. त्याला दोष देत नाही मी. देशभर अध्यक्ष धरून ७० मंजूर जागा आहेत, त्यातल्या भरलेल्या किती हे दर वेळी वेगळंच. प्रशासकीय सदस्य नसला की दोन सदस्यांचं बेंच बसत नाही, आणि बोर्डावरचं मॅटर नुसतं पुढच्या तारखेला जातं. तीन तास लोकल आणि रिक्षाने आलेला माणूस परत. यात पुनर्वसनाचा संबंध कुठे येतो?

हो, निवृत्तीनंतरच्या पदाचं आमिष बेंचवर बसलेल्या न्यायाधीशाला वाकवू शकतं, हा आक्षेप खोटा नाही. मान्य. पण म्हणूनच ११ व्या कलमात कॅटच्या अध्यक्षाला पुढे केंद्र वा राज्य सरकारच्या नोकरीची दारं बंद केली आहेत. त्याला फटी आहेत, तेही कबूल. मलिमथ १९९४ ते १९९९ राष्ट्रीय मानवी हक्क आयोगावर होते. आयोग म्हणजे सरकारी नोकरी नव्हे, असं म्हणता येतं. एल. नरसिंह रेड्डी पाटण्याचे मुख्य न्यायाधीश होते, मग 'वन रँक वन पेन्शन'ची समिती, मग कॅट, आणि २०२४ मध्ये तेलंगणाने वीजखरेदीच्या चौकशीला आयोग नेमला तोही त्यांचाच. फट बुजवायची तर कायद्यात 'नोकरी'पुढे 'आयोग वा समिती' लिहा. सगळ्या खुर्चीवर थुंकू नका.

आणि निवृत्त न्यायाधीश नको तर कोण हवं? सुरुवातीच्या कायद्यात केंद्राचा सचिवही अध्यक्ष होऊ शकत होता. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध अर्ज, त्याच सरकारचा माजी सचिव वर बसलेला! संपत कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये ते मोडून काढलं, म्हणून आपण वाचलो. १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या चंद्र कुमार निकालानंतर कॅटचा निकाल तपासायला वर उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहेच.

आता कार्यकाळ. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६२ ला निवृत्त होतो. २०२१ च्या न्यायाधिकरण सुधारणा कायद्याने अध्यक्षाला चार वर्षं दिली, वयाची कमाल मर्यादा ७०. पहिलं वर्ष पीठं समजून घेण्यात जातं, शेवटच्यात नवीन काही सुरू होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या अमरावतीच्या भूषण गवईंच्या खंडपीठाने या कायद्यातल्या कार्यकाळाच्या आणि निवडीच्या तरतुदी रद्द केल्या. वाचून बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

रणजित मोरे २०२२ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा आपल्याकडे सगळीकडे एकच ओळख: मुंबई उच्च न्यायालयात असताना मराठा आरक्षणाचा २०१९ चा निकाल देणारे. निकाल मोठाच होता. पण नागपूरच्या निवृत्त कर्मचाऱ्याला त्यांच्याकडून वेगळंच हवं असतं: फिरतीचं बेंच ठरलेल्या आठवड्यात बसावं.

त्या कारकुनाचं काय करतोय ते सांगतो, कारण ग्रुपवर दोघांची प्रकरणं याच पायरीवर अडली आहेत. नुसती स्मरणपत्रं पाठवून काही होत नाही. दोन्ही निकालांच्या प्रमाणित प्रती घ्या. मतभेदाचे मुद्दे प्रश्नाच्या रूपात स्वतः काढा, जमल्यास दोनच. ते एमएला (किरकोळ अर्जाला) जोडून आधी त्याच बेंचसमोर लावा, म्हणजे सदस्य मुद्दा नीट लिहून सही करतील. मग प्रधान पीठाच्या रजिस्ट्रारकडे रेफरन्सचा नंबर पडला का ते बघा, आणि पडल्यावरच लवकर सुनावणीचा अर्ज टाका. अर्जदार पंचाहत्तरीच्या पुढचा असेल तर वयाचा दाखला पहिल्याच पानावर लावा.