हेलिकॉप्टर मागताना नर्सही मागा

नागपूरहून एअर अ‍ॅम्ब्युलन्स उडाल्याची बातमी आली की घरच्या ग्रुपवर वाद पेटतो. काका म्हणतात, ही श्रीमंतांची चैन. गरिबाला वेळेवर १०८ मिळत नाही, आधी रस्ते-पूल बांधा. भाचा म्हणतो, शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये आयुष्मान कार्डवाल्यांसाठी ही सेवा मोफत सुरू केली, मग विदर्भाने काय घोडं मारलंय? ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलमध्ये बसून मी दोघांचं वाचतो. पेशंटजवळ कोण बसणार, हे मात्र कुणीच विचारत नाही.

आमच्या गावात फ्लाइंग डॉक्टर सेवेचा तळ आहे. १९२८ साली क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरीत ती सुरू झाली, तीही भाड्याच्या विमानावर. नाव डॉक्टरचं, पण बहुतेक फेऱ्यांना पायलट आणि नर्स दोघंच असतात, डॉक्टर गरजेपुरता. ही नर्स आयसीयूत तयार झालेली आणि बाळंतपणातही तरबेज. वर गेल्यावर हवेचा दाब उतरतो, फुफ्फुसाबाहेर अडकलेली हवा फुगते, हे तिला उड्डाणाआधीच ओळखावं लागतं. सेवा चालते सरकारी पैशावर आणि लोकांच्या देणग्यांवर.

जगातल्या बऱ्याच हवाई रुग्णसेवांमधली आणखी एक पद्धत मला फार मोलाची वाटते. पेशंट कोण, किती गंभीर, हे पायलटला मुद्दामच सांगत नाहीत. त्याने फक्त हवामान पाहून हो किंवा नाही म्हणायचं. तान्हं बाळ आहे म्हटल्यावर कुणीही ढगात घुसेल, आणि मग सगळेच जातील. आपल्याकडे तर पहिल्याच फोनवर सांगतात, साहेबांचा माणूस आहे.

हिमतीचे वैमानिक आपल्याकडेही आहेत. ६ मे २०२१ ला पेशंट घेऊन नागपूरहून निघालेल्या बीचक्राफ्ट विमानाचं चाक उडतानाच निखळलं. कॅप्टन केसरी सिंह यांनी ते मुंबईत फोम पसरलेल्या धावपट्टीवर पोटावर उतरवलं. सगळे सुखरूप.

ऑस्ट्रेलियाचा नमुना मात्र जसाच्या तसा लागू होणार नाही. इथे मेंढपाळांच्या वस्तीलाही मातीची धावपट्टी असते, गडचिरोलीतल्या भामरागडात घनदाट जंगल. पावसाळ्यात तिथली पर्लकोटा नदी चढते तेव्हा आभाळही खाली आलेलं असतं, हेलिकॉप्टरही अडकतं. तिथे पुलाला पर्याय नाही. काकांचं हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण उरलेल्या आठ महिन्यांचं काय? नक्षलविरोधी पोलीस पथकाचा, सी-६० चा जवान जखमी झाला की हेलिकॉप्टर त्याला नागपूरला आणतं, आणि आणायलाच हवं. त्याच तालुक्यात रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीला मात्र नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज, गाठेपर्यंत अख्खा दिवस रस्त्यावर काढावा लागतो. हे मला सहन होत नाही.

हेलिकॉप्टर भाड्याने मिळेल. नर्स घडवायला वर्षं लागतात. येत्या हिवाळी अधिवेशनात विदर्भाच्या आमदारांनी हेलिकॉप्टर जरूर मागावं, पण त्याच मागणीत नागपूरच्या मेडिकलमध्ये फ्लाइट नर्सचं प्रशिक्षण, त्यांची मंजूर पदं आणि नियमित पगारही मागावा.