काकू, फक्त आकडा सांगा

आज दुपारी आमच्या सोसायटीतली एक मुलगी फॉर्म भरून घ्यायला आली होती. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र, आणि प्रोजेक्ट 'चाळिशीनंतरच्या स्त्रियांमधील एकटेपणा'. वीस विधाने होती आणि प्रत्येकापुढे १ ते ५ यांपैकी एका आकड्यावर खूण करायची होती. घरात मोकळेपणी बोलायला कुणी नाही असे मला वाटते, हे आठवे विधान. मी सांगू लागले की दिवसभर तसे काही वाटत नाही, पण संध्याकाळी सात ही आईचा फोन यायची वेळ होती, त्या वेळी हातातले काम ठेवून मी अजूनही एकदा मोबाइलकडे बघते, आणि याला एकटेपणा म्हणायचे की सवय, हे माझे मलाच कळत नाही. तिने मान हलवली, घड्याळाकडे पाहिले आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "काकू, फक्त आकडा सांगा ना."

मी 'तीन' म्हणाले. तो तीन दुपारपासून डोक्यात घोळतो आहे, म्हणून हे लिहिते आहे.

राग त्या मुलीवर नाही, कारण १९९८ साली मीही हेच करत होते. तेव्हा मी तिच्याच वर्गात होते आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी स्मरणाचा प्रयोग करायचा होता. बारा निरर्थक शब्दांची यादी सब्जेक्टला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला, ठरावीक वेळा वाचून दाखवायची आणि त्यातले किती आठवतात ते मोजायचे. सुट्टीत गावी गेले होते, घरात दुसरे कुणी मोकळे नव्हते, म्हणून आजीला समोर बसवले. 'ढेम' हा शब्द ऐकताच ती हसू लागली, कारण तिच्या माहेरच्या म्हशीचे नाव ढेमी होते. 'रुत' मला निरर्थक वाटला होता, तिला लगेच पायातला काटा आठवला. बाकीच्या शब्दांवर मात्र ती वैतागली. "अगं, याला काय अर्थच न्हाई, तर ध्यानात कशापायी ठेवायचं?" बारापैकी चार. मी तक्त्यात चार लिहिले.

मग ती म्हणाली, आता माझे ऐक. आणि भाजी निवडता निवडता तिने जात्यावरच्या ओव्या म्हणायला सुरुवात केली. मी चाळिसापर्यंत मोजल्या आणि नंतर मोजणे सोडून दिले. त्यांपैकी एकही ओवी तिच्या डोक्यात सुटी नव्हती. ही थोरल्या नणंदेकडून शिकलेली, ही बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात असताना शेजारच्या बाईने म्हटलेली, आणि सीतेच्या वनवासाची ही एक, जी पहिले मूल गेल्यानंतर तिने कित्येक महिने म्हटलीच नव्हती. माणसाची आठवण माणसांना धरून राहते, हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने नव्हे, मेथीच्या जुडीसमोर बसलेल्या त्या बाईने शिकवले. जर्नलमध्ये 'सब्जेक्टचे निवेदन' अशी चार ओळींची जागा असते. मी जास्तीची पाने जोडून हे सगळे तिथे लिहिले. सरांनी दोन्ही पानांवर लाल शाईची तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिले, 'विषयाला धरून लिहावे.'

विषय कोणता, सर? हा प्रश्न विचारायला मला पंचवीसहून अधिक वर्षे उशीर झाला आहे, आणि आता सरही नाहीत.

निरर्थक शब्दांची ही पद्धत एबिंगहाउस या जर्मन संशोधकाची. त्याने सुमारे २३०० शब्दांचा साठा करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते पुस्तकरूपाने मांडले, हे आम्हाला पाठ होते. मात्र डिल्टाय नावाच्या तत्त्वज्ञाने १८९४ साली असे मांडले होते की निसर्गातल्या घटनांची कारणे शोधावीत, पण मनाचे जगणे आतून, त्याच्या अर्थासकट समजून घ्यावे, आणि दोन वर्षांनी त्याच्यावर कडाडून टीका करायला पुढे आला तो हाच एबिंगहाउस, हे आम्हाला कुणीही सांगितले नाही. तोंडी परीक्षेत मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा कोणती असे विचारले की आम्ही झोपेतही 'वुंट, लाइपझिग, १८७९' म्हणत असू. त्याच वुंटने आयुष्याची शेवटची वीस वर्षे भाषा, पुराणकथा आणि रूढी यांवर दहा खंड लिहिण्यात घालवली, कारण मनाचा तो भाग प्रयोगशाळेत मावत नाही असे त्याचे मत होते. म्हणजे ज्याच्या नावाने आम्ही लाकडी पेट्या आणि स्टॉपवॉच घेऊन बसत होतो, त्याला स्वतःलाच आजीच्या ओव्या विषयाबाहेरच्या वाटल्या नसत्या. हे लिहिताना माझा आवाज चढला आहे, याची मला कल्पना आहे.

आकडे नकोतच असे मी म्हणत नाही. नैराश्यावरचे औषध लागू पडते की नाही, हे ओव्यांवरून कळणार नाही. सरांपुढे साठ जर्नलांचा ढीग असे आणि मी दोन पाने जास्तीची जोडली होती, हेही खरे.

पण मानसशास्त्राला मानव्यविद्या, म्हणजे माणसाचे जगणे अर्थासकट समजून घेणारी विद्या, मानणे म्हणजे गप्पा मारणे, असा जो सूर लागतो तो मला सहन होत नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अमेदेओ जॉर्जी मूळचे प्रयोगशाळेतच तयार झालेले होते, आणि १९७० साली त्यांनी याच विचाराचे पुस्तक लिहिले. त्यांची पद्धत सोपी वाटते, पण करून पाहावी. माणसाला त्याने जगलेल्या एका प्रसंगाचे वर्णन करायला सांगायचे, ते आधी अखंड वाचायचे, मग अर्थ जिथे जिथे वळतो तिथे खुणा करत पुढे जायचे, आणि हे सगळे करताना आपली मते बाजूला ठेवायची. शेवटची अट मला आजवर एकदाही पुरती जमलेली नाही. मूल गेल्यावर बंद पडलेली ती एक ओवी अशी वाचायची, तर एका विद्यार्थ्याला एक सत्र पुरणार नाही. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या संशोधकांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एवढा साठा आपल्या दाराशी आहे, आणि आपली मुले अजून 'ढेम' आणि 'रुत' मोजत आहेत.

ते जर्नल मी टाकलेले नाही. संध्याकाळी माळ्यावरून काढले. रेघेची शाई फिकट गुलाबी झाली आहे आणि तिच्याखालचे अक्षर न् अक्षर वाचता येते. ढेमी म्हैस आहे, खडी फोडणारी शेजारीण आहे. 'मूल गेल्यानंतर' हे दोन शब्द मी तेव्हा लिहून पुन्हा खोडले होते, ते आज दिसले. लाल रेघ सरांनी नंतर मारली, पहिली काट माझीच होती.

सात वाजून गेल्यावर त्या मुलीला मी फोन केला. म्हटले, तुझा फॉर्म तसाच राहू दे, पण रविवारी कोरी वही घेऊन ये, आठव्या विधानावर मला बोलायचे आहे, आणि तुझी आजी असेल तर तिलाही घेऊन ये. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकू, याला मार्क असतील का?"

नाहीत, म्हटले. येते म्हणाली, पण साडेचारनंतर, चारपर्यंत तिचा स्टॅटिस्टिक्सचा क्लास असतो.