कादंबरी मुलांची, मत मात्र मोठ्यांचे

मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांविषयी मराठीत जे छापून येते, ते जवळपास सगळे मोठ्या माणसांचे असते. प्रस्तावना ज्येष्ठ साहित्यिकाची, मलपृष्ठावरचा मजकूर संपादकाचा, वर्तमानपत्रातले परीक्षण समीक्षकाचे, आणि शाळेच्या ग्रंथालयासाठी कोणती पुस्तके घ्यायची हे ठरवणारेही मोठेच. ज्या दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी हा सगळा खटाटोप केला जातो, त्याला ती कादंबरी कशी वाटली, हे सहसा कोणी विचारत नाही. आणि विचारलेच तर ‘यातून तू काय शिकलास?’ अशा शब्दांत विचारतो, म्हणजे उत्तर आधीच ठरलेले असते. माझे स्पष्ट म्हणणे असे आहे की मुले पुस्तकांविषयी जी मते मांडतात ती खरोखरीची साहित्यिक मते असतात, आणि ती कौतुकाने ऐकून सोडून देण्याऐवजी लेखक, प्रकाशक आणि परीक्षकांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था आपण करायला हवी.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात, बालविभागाच्या खोलीत, दर रविवारी सकाळी पाचवी ते आठवीची मुले जमतात आणि वाचलेल्या कादंबऱ्यांवर बोलतात. मी तिथे सतरंजी घालण्यापासून पुस्तकांची नोंद करण्यापर्यंतची कामे करतो आणि उरलेला वेळ ऐकतो. नियम मोजकेच आहेत. पुस्तक अर्धवट सोडले तरी चालेल, मात्र कोणत्या पानावर सोडले आणि का, ते सांगायचे. शेवट फोडायचा नाही, कारण पुढच्याला वाचायचे असते. आणि बोलण्याआधी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. हा शेवटचा नियम अनुभवातून आला. पहिला मोठ्या आवाजाचा मुलगा ‘भारी आहे’ म्हणाला की पाठोपाठ सगळ्यांना ते पुस्तक भारी वाटू लागते. चिठ्ठी आधी लिहिलेली असली की गप्प बसणाऱ्या मुलीचे वेगळे मतही टिकून राहते.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल आणि त्याचा तो ‘ट्टॉक्’ यांवर आमच्या पिढीचा जीव होता, त्यामुळे आजच्या मुलांनाही तो तसाच आवडेल, असे आपण गृहीत धरतो. मुलांना तो आवडतो, हे खरे आहे. पण सातवीतल्या एका मुलाच्या चिठ्ठीवर असे लिहिलेले होते: ‘फेणेकडे मोबाइल नाही म्हणून गोष्ट चालते. मोबाइल असता तर दुसऱ्या पानावर पोलीस आले असते.’ त्यावरून त्या दिवशी जी चर्चा झाली ती कोणत्याही लेखन कार्यशाळेत शोभली असती. आजच्या काळातली साहसकथा लिहायची तर मुलाला एकटे कसे पाडायचे? कोणी म्हणाले, चार्जिंग संपले असे दाखवावे. लगेच दुसऱ्याने हरकत घेतली की दर गोष्टीत चार्जिंग संपले तर ती वाचकाची फसवणूक होईल. तिसऱ्याने सुचवले की फोन चालू असावा, पण मोठ्यांनी मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. तसे तर खऱ्या आयुष्यातही होते. कथानकातली अडचण बाहेरून आणलेली असावी की पात्रांच्या परस्परसंबंधांतून निर्माण व्हावी, हा प्रश्न या मुलांनी कुठलीही परिभाषा हाताशी नसताना नेमका पकडला होता.

त्याच चर्चेच्या शेवटी सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘मला फेणे आवडतो. सायकल मलाही येते. पण त्याच्यासारखी मुलगी मला अजून कुठल्या पुस्तकात भेटली नाही.’ अशी पुस्तके मुळीच नाहीत असे कोणी म्हणणार नाही, पण ती आमच्या कपाटात नव्हती आणि त्या मुलीच्या शाळेतही नव्हती. ही उणीव मला स्वतःला इतक्या वर्षांत जाणवली नव्हती, तिला मात्र लगेच जाणवली. ज्याच्या वाट्याला पुस्तक येते त्याचे मत का हवे, याचे यापेक्षा स्पष्ट कारण मला देता येणार नाही.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’विषयी बोलताना मात्र मोठी माणसेच अस्वस्थ होतात. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेले आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपल्याकडे पूजेच्या जागी ठेवलेले आहे, आणि पूजेच्या जागी ठेवलेल्या पुस्तकाविषयी मत विचारायचे नसते, असा आपला समज आहे. आमच्या मुलांनी पोहण्याच्या प्रसंगावर दोन गट केले. विहिरीवर जायला नको म्हणून श्याम लपून बसतो आणि आई त्याला शोधून काढून मारते. एका गटाचे म्हणणे असे की जो घाबरला आहे त्याला मारणे चूक, मग ती कोणाचीही आई असो. दुसऱ्या गटाने उत्तर दिले की आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ त्याच प्रकरणात पुढे दिसते आणि ती न वाचता मत देणे चूक आहे. तेव्हा पाचवीतला एक लहानखुरा मुलगा, जो एरवी बोलतच नाही, म्हणाला की दोन्ही खरे आहे, कारण ही गोष्ट श्याम मोठा झाल्यावर सांगतो आहे. तेव्हा त्याला राग आला असेल, आता येत नाही. निवेदक घटनेपासून किती अंतरावर उभा आहे, हे ओळखणे म्हणजे वाचन येणे. या चर्चेनंतर त्या पुस्तकाविषयीचा मुलांचा आदर तसूभरही कमी झाला नाही. उलट काहींनी ते पुन्हा घरी नेले.

सर्वात जास्त बोलले गेले ते मात्र ‘तोत्तोचान’विषयी. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक जपानमध्ये 1981 मध्ये आले आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठी घरांत पोचले. खरे तर ती लेखिकेच्या स्वतःच्या शाळेची आठवण आहे, पण मुले ती कादंबरी म्हणूनच वाचतात. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा सगळ्यांना आवडते, हे अपेक्षितच होते. मात्र मुले पुन्हा पुन्हा ज्या प्रसंगाकडे वळली तो वेगळाच निघाला. तोत्तोचानचे आवडते पाकीट संडासाच्या खड्ड्यात पडते, ती लांब दांड्याचा डवला घेऊन सगळा मैला उपसून बाहेर ढीग घालू लागते, आणि तिथून जाणारे मुख्याध्यापक कोबायाशी एवढेच म्हणतात की काम झाल्यावर सगळे परत आत टाकशील ना. ते तिला थांबवत नाहीत, तिला मदत करत नाहीत आणि रागावतही नाहीत. मुलांनी हा ‘नाही’चा मुद्दा स्वतःहून शोधला. पाकीट तर शेवटपर्यंत सापडत नाही. त्याबद्दल एकीने हळहळ व्यक्त केली तेव्हा सहावीतला एक मुलगा म्हणाला, ‘सापडलं असतं तर गोष्ट बिघडली असती. मग ती पाकिटाची गोष्ट झाली असती.’ मी हे वाक्य वहीत तसेच उतरवून घेतले. त्या प्रसंगावर याहून नेमके काही म्हणता येईल असे मला वाटत नाही.

ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ या कादंबरीला 2017 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आहे. धरणामुळे गाव सोडावे लागणाऱ्या मुलाचे जग त्यात आहे. आमच्याकडच्या एका मुलीच्या आजीचे माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेले. मुलीने हे पुस्तक आजीला मोठ्याने वाचून दाखवायला घेतले, आणि आजी मध्येच थांबवून आपल्या गावातल्या पाणवठ्याचे, शेताच्या तुकड्यांचे, झाडांचे नाव सांगू लागली, त्यामुळे वाचन फार लांबले. तिच्या चिठ्ठीवरचे मत असे होते: ‘पुस्तक हळू आहे, पण आजी बरोबर असली की हळू वाटत नाही.’ या एका वाक्यात गुण, दोष आणि वाचनाची परिस्थिती, तिन्ही सांगून झाले.

आता शाळेत काय होते ते पाहा. डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी, 15 ऑक्टोबरला, 2015 पासून राज्यभर वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्यामागचा हेतू चांगला आहे आणि त्या निमित्ताने पुस्तके कपाटाबाहेर येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यानंतर मुलांना ठरावीक रकाने भरायला सांगितले जातात: पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, आवडलेले पात्र, मिळालेला बोध. रविवारी पाकिटाविषयी ते वाक्य बोलणारा मुलगाच तिथे ‘हे पुस्तक खूप छान आहे, सर्वांनी जरूर वाचावे’ असे लिहून मोकळा होतो. त्याला काय हवे आहे ते कळलेले असते आणि तो तेवढे देतो. दोष शिक्षकांचा आहे असे मी म्हणत नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात रकान्यांशिवाय दुसरे काय हाताशी असते? तरीही निदान एक रकाना ‘न आवडलेले काय’ असा असावा, आणि तो भरल्याबद्दल मुलाला कोणी बोलू नये, एवढे तर सहज करता येईल.

यावर घेतला जाणारा आक्षेप मला माहीत आहे. मुलांची अभिरुची कच्ची असते, त्यांना फक्त भुताच्या आणि विनोदी गोष्टी हव्या असतात, जरा गंभीर काही आले की ती ‘बोअर’ म्हणतात. काही अंशी हे खरे आहे. पण ‘बोअर’ या शब्दावर न थांबता ‘कुठे बोअर झाले, ते पान दाखव’ असे म्हटले, की बरेच काही उलगडते. आमच्याकडे मुले बोट ठेवतात ते बहुतेक वेळा अशा परिच्छेदावर, जिथे लेखक पात्राला बाजूला सारून स्वतः उपदेश करू लागतो, किंवा जिथे बारा वर्षांचा मुलगा शिक्षकासारखा बोलू लागतो. लांब वर्णनांवर मात्र त्यांचे एकमत होत नाही; काहींना जंगलाचे दोन पानांचे वर्णन नकोसे होते, तर काहींना तेच सर्वात आवडलेले असते. म्हणजे ‘मुलांना’ असे सरसकट काही आवडत वा नावडत नाही, आणि मोठ्यांप्रमाणेच त्यांच्यातही वेगवेगळ्या प्रकारचे वाचक असतात.

मुलांच्या मतावर व्यवहारातला निर्णय सोपवण्याची कल्पना नवीनही नाही. लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी 1936 मध्ये जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’चे हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले होते. एका शिलिंगच्या मोबदल्यात त्याने छोटासा अहवाल लिहिला, नकाशे असल्यामुळे चित्रांची गरज नाही असे मत दिले, आणि पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना आवडेल असे नोंदवले. पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. स्वतः दहा वर्षांचा असताना त्याने वयाची मर्यादा नऊवर आणली, हे मला फार ओळखीचे वाटते. आमच्याकडेही जे पुस्तक मनापासून आवडले तेदेखील ‘लहान मुलांसाठी’ आहे असे मुले ठामपणे सांगतात. त्यामुळे वयोगटाबाबतचे त्यांचे मत थोडे जपून घ्यावे, बाकीचे बिनदिक्कत घ्यावे. नेदरलँड्समध्ये 1988 पासून मुलेच मतदान करून आवडती पुस्तके निवडतात. जर्मनीत तिथल्या बाल-कुमार साहित्य पुरस्कारासाठी 2003 पासून तरुण वाचकांचे स्वतंत्र परीक्षक मंडळ आहे. ते मोठ्यांच्या मंडळाची जागा घेत नाही, आपला वेगळा पुरस्कार देते.

ही जर्मन पद्धत आपल्याकडे आणणे मुळीच अवघड नाही. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयातील कादंबरीसाठीचा पुरस्कार साने गुरुजींच्या नावाने दिला जातो. त्यासाठी अंतिम विचारात असलेल्या कादंबऱ्यांच्या प्रती राज्यातल्या निरनिराळ्या भागांतल्या काही सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागांना द्याव्यात, त्यांत कोकण, विदर्भ, मराठवाडा, खानदेश सगळे यावेत, आणि मुलांना दोन महिने द्यावेत. त्यांच्या चिठ्ठ्या परीक्षकांसमोर ठेवाव्यात. निर्णय परीक्षकांनीच करावा. मुलांची निवड वेगळी आली तर तीही जाहीर करावी, म्हणजे दोन निवडींतला फरक लेखकांना आणि प्रकाशकांना दिसेल. खर्च पुस्तकांच्या प्रतींचा आणि टपालाचा.

शासन हे करेपर्यंत थांबायचे असे नाही. आम्ही आता प्रत्येक पुस्तकावरच्या चिठ्ठ्या एकत्र करून, मुलांचे शुद्धलेखन न सुधारता आणि नावे काढून, त्या प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवू लागलो आहोत. एका लेखिकेचे उत्तर आले. तिच्या कादंबरीतला नायिकेचा भाऊ मधल्या प्रकरणांत गायब होतो, अशी मुलांची तक्रार होती, आणि हे संपादकाच्याही लक्षात आले नव्हते असे तिने लिहिले. मुलांनी ते पत्र दोनदा वाचून घेतले आणि नव्या आवृत्तीत भावाचे काय करावे याच्या सूचना लिहायला बसली. ज्यांच्या गावात बालविभाग चालतो त्यांनी आपल्या मुलांच्या चिठ्ठ्या अशाच पाठवायला सुरुवात करावी, आणि कोणत्या पुस्तकावर काय आले ते मला जरूर कळवावे. दिवाळीच्या सुटीत आमची मुले पुढच्या वर्षाच्या खरेदीची यादी स्वतः करणार आहेत. त्यांना दुसऱ्या गावांतल्या मुलांची मते हवी आहेत.