बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी?

आमच्या कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, कारागिराला आज पोलिसांनी परत कागद घेऊन बोलावलंय. आधार, मतदान कार्ड, रेशन कार्ड, गावच्या पंचायतीचा दाखला, सगळं आधीच देऊन झालंय. तरी परत. का? तर "वरून आदेश हाय." आणि वर त्यालाच ऐकवायचं, आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा न्हवं. आरं मग पुरावा काय चालतो ते एका चिठ्ठीवर लिहून तरी द्या की!

माणूस पश्चिम बंगालातल्या मेदिनीपूरकडच्या दासपूरचा. देशभरातल्या सराफ बाजारात दासपूर-घाटालची पोरं फुंकणी घेऊन बसलेली दिसतील, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. त्याच्या जिल्ह्याला बांगलादेशची हद्द लागतसुद्धा नाही. पण फोनवर आईशी बंगालीत बोलला की झाला घुसखोर. घरमालक तर म्हणतोय, खोली रिकामी कर, मला लफडं नको. हाच मालक दिवाळीला त्याच्याकडून फुकटात अंगठी पॉलिश करून घेतो, बरं का.

आणि भाषेवरून देश ठरवायचा हे कोल्हापुरात बसून कोण बोलतंय? कोगनोळी नाका ओलांडला की निपाणी, पुढं बेळगाव, घराघरात मराठी. तिथं कुणी मराठी बोलणाऱ्याला "तू इथला नव्हंस" म्हटलं की आपलं रक्त उसळतं, एसटी बंद, मोर्चे, पुतळे जाळणं. मग बंगाली एका देशाची नाही, पश्चिम बंगालातही कोट्यवधी लोक तीच बोलतात, एवढं कळायला काय डोकं लागतंय?

तिकडं भारत-बांगलादेश सरकारांचं काय चाललंय बघा. ४,०९६ किलोमीटरची हद्द. जानेवारी २०२५ मध्ये कुंपणावरून जुंपली. शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष हद्दीपासून, १५० यार्डांच्या आत तार घालायची का नाही, हा वाद. ढाक्यानं भारताच्या उच्चायुक्तांना बोलावून घेतलं, लगेच दुसऱ्या दिवशी दिल्लीनं त्यांच्या उप-उच्चायुक्तांना. फिट्टंफाट! मे महिन्यापासून आपल्याकडनं माणसं रातोरात हद्दीपलीकडं ढकलायला सुरुवात झाली. पलीकडचे म्हणतात, असं चालणार नाही, रीतसर पाठवा. त्यात महाराष्ट्रात पकडलेली मुर्शिदाबाद-बर्धमानची आपलीच माणसं पलीकडं गेली आणि जूनमध्ये दोन्हीकडच्या जवानांच्या बैठका घेऊन परत आणावी लागली. बीरभूमची एक गरोदर बाई तर दिल्लीतून उचलून पलीकडं टाकली. कोलकाता उच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये परत आणा म्हणून सांगितलं, ती आली डिसेंबरात. तोवर तिकडच्या तुरुंगात, पोटात पोर घेऊन.

घुसखोर नाहीतच असं मी म्हणत नाही. आहेत, आणि त्यांना परत पाठवायलाच पाहिजे. पण ढाक्याचाही कारभार बघा. आपल्या परराष्ट्र खात्यानं मे २०२५ मध्येच सांगितलं, २,३६० हून जास्त लोकांची यादी पडताळणीसाठी त्यांच्याकडं पडून आहे, काही प्रकरणं २०२० पासूनची. ढाका उत्तर देईना, दिल्ली दम काढीना, आणि मधल्या मधी चेपतोय कोण? ज्याच्याकडं सगळे कागद आहेत तो! खरा घुसखोर ठाण्यात कशाला येतोय झेरॉक्स घेऊन? तो कधीच पसार झालेला असतो.

आज हा बाकावरनं उठून गेला तेव्हा कोल्हापुरी साजाची पानं अर्धी जोडलेली तशीच पडली. इतकं बारीक काम, हात थरथरला तर सोनं वितळून गोळा होतो. आणि ह्याचा हात आता कापायलाच लागलाय. मघाशी म्हणाला, "शेठ, गावी जातो." लग्नसराई तोंडावर, आणि हा गेला तर दुसरा कुठनं आणू? टोळकं करून "बाहेरच्यांना हाकला" म्हणणाऱ्यांपैकी एक तरी येऊन बसंल का फुंकणी घेऊन?

साज सांगितलेल्या ताईंचे दुपारपासून फोन येताहेत. काय सांगू त्यांना? दिल्ली-ढाक्याचं जमंना म्हणून गारगोटीच्या लग्नातला साज अडलाय?