जॉर्जियाची मतं कागदावर होती आणि ती हाताने मोजली गेली

ईव्हीएमचा विषय निघाला की मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास येतो. त्याचा मतलब असा: २०२० साली अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य खरं तर डोनाल्ड ट्रम्प जिंकले होते, पण एका रात्रीत यंत्रांनी मतं फिरवली, टेबलाखालून मतपत्रिकांच्या बॅगा निघाल्या, हजारो मेलेल्या माणसांच्या नावावर मतदान झालं आणि राज्य जो बायडन यांच्या पदरात पडलं. शेवटी एक वाक्य असतं: अमेरिकेत हे होतं, तर आपल्याकडे का होणार नाही?

मतदानयंत्रांवर प्रश्न विचारायलाच हवेत. पण त्यासाठी जॉर्जियाचा दाखला देणं म्हणजे आपल्याच हाताने आपली बाजू लंगडी करणं आहे. त्या राज्यात नेमकं काय घडलं ते सगळं नोंदलेलं आहे. एकेक दावा घेऊ.

पहिला दावा, यंत्रांनी मतं फिरवली. अंतिम आकडे असे: बायडन २४,७३,६३३, ट्रम्प २४,६१,८५४. फरक ११,७७९. जॉर्जियात त्या वर्षी मतदार पडद्यावर बटण दाबत होते हे खरं, पण यंत्र मत पोटात ठेवत नव्हतं. ते कागद छापून देत होतं. त्यावर उमेदवारांची नावं अक्षरांत असायची, मतदार तो कागद पाहून स्कॅनरमध्ये टाकायचा. टपाली मतपत्रिका तर पेनानेच भरलेल्या. म्हणजे जवळपास ५० लाख मतांमागे ५० लाख कागद होते.

आणि नोव्हेंबरच्या मध्यावर हे सगळे कागद माणसांनी हातात घेऊन मोजले. नमुन्यादाखल काही केंद्रं निवडली असं झालं नाही, १५९ च्या १५९ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) मोजणी झाली. टेबलाला दोन-दोन माणसं. एकाने कागद उचलून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तेच नाव स्वतः पाहून खात्री करायची, मग कागद ट्रम्पच्या, बायडनच्या किंवा तिसऱ्या उमेदवाराच्या गठ्ठ्यावर. कागदावर जो यंत्राला वाचता येणारा क्यूआर कोड होता, त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. छापलेली नावं वाचली. दोन्ही पक्षांचे निरीक्षक हजर होते. हाताने मोजून बायडन १२,२८४ मतांनी पुढे आले. त्यानंतर ट्रम्प यांच्या मागणीवरून पुन्हा एकदा स्कॅनरने मोजणी झाली, तिच्यात वर दिलेला ११,७७९ चा फरक निघाला. यंत्रांची पहिली मोजणी धरून तीन मोजण्या, तिन्हींत विजेता एकच.

यंत्रं सर्वगुणसंपन्न होती असं मी म्हणत नाही. ॲलेक्स हाल्डरमन या संगणकतज्ज्ञांनी याच यंत्रांतल्या सुरक्षेच्या त्रुटी दाखवल्या आहेत आणि त्या गंभीर आहेत. पण त्रुटी असणं वेगळं आणि तिचा वापर होऊन निकाल फिरणं वेगळं. निकाल फिरला असता तर कागद आणि यंत्र यांच्यात मेळ बसला नसता.

हाताच्या मोजणीने चुकाही उघड केल्या, आणि त्या कुणाच्या फायद्याच्या निघाल्या ते या फॉरवर्डमध्ये कधी नसतं. फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० मतपत्रिका स्कॅन करायच्या राहून गेल्या होत्या. फेयेट काउंटीत एका मेमरी कार्डातली मतं बेरजेत धरलेली नव्हती. डग्लस आणि वॉल्टनमध्येही थोडी मतं सापडली. ही सगळी मतं मिळवल्यावर आघाडी घटली ती बायडन यांची. घोटाळा करणारी यंत्रणा अशी वागत नाही.

आता दुसरा दावा, टेबलाखालच्या बॅगा. हा व्हिडिओ अटलांटातल्या स्टेट फार्म अरेनामधला, फुल्टन काउंटीच्या मोजणीचा. मतदानाच्या रात्री साडेदहाच्या सुमारास काम संपलं असं समजून निरीक्षक आणि पत्रकार निघून गेले, हे खरं. राज्याच्या निवडणूक कार्यालयाला कळलं तेव्हा त्यांनी काम चालू ठेवायला सांगितलं, आणि कर्मचाऱ्यांनी टेबलाखालच्या पेट्या पुन्हा वर घेतल्या. पूर्ण चित्रीकरण पाहिलं तर दिसतं, की याच पेट्यांत त्या मतपत्रिका थोड्या वेळापूर्वी, सगळे खोलीत असतानाच, भरून ठेवल्या होत्या. ट्रम्प यांच्या वकिलांनी ३ डिसेंबरला दाखवला तो यातला फक्त एक तुकडा.

तेच गठ्ठे पुन्हा पुन्हा स्कॅन केले असाही आरोप झाला. तसं झालं असतं तर हाताने मोजताना कागद कमी भरले असते. ते भरले नाहीत. पुढे स्कॅनरच्या फेरमोजणीत फुल्टनमध्ये सुमारे तीन हजार मतपत्रिका दोनदा स्कॅन झाल्याचं आढळलं आणि २०२४ मध्ये राज्य निवडणूक मंडळाने काउंटीला त्याबद्दल समज दिली. हा ढिसाळपणा आहे आणि त्याला ढिसाळपणाच म्हटलं पाहिजे. पण हाताने झालेली मोजणी त्यापासून वेगळी होती. खुद्द ट्रम्प यांनी नेमलेले अटलांटातले केंद्रीय सरकारी वकील बी. जे. पाक यांनीही या बॅगांची चौकशी केली आणि आरोपात तथ्य नसल्याचं शपथेवर सांगितलं.

या व्हिडिओत दिसणाऱ्या दोन कर्मचारी, रूबी फ्रीमन आणि त्यांची मुलगी शे मॉस, यांच्याबद्दल मला फार वाईट वाटतं. आईने मुलीच्या हातात काहीतरी दिलं, ते यूएसबी ड्राइव्ह होतं, असं ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी सांगत सुटले. ती आल्याच्या स्वादाची मिंटची गोळी होती. मॉस यांनी संसदेच्या समितीपुढे ते सांगितलं. तोवर त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या आणि फ्रीमन यांना सुरक्षेसाठी घर सोडून दोन महिने बाहेर राहावं लागलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने जुलियानी यांना १४.८ कोटी डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं. तो व्हिडिओ आपण एका बोटाने पुढे ढकलतो, तेव्हा या दोघींवर तोच आरोप नव्याने करत असतो.

मेलेल्यांची मतं. ट्रम्प यांच्या बाजूने कोर्टात दिलेला आकडा होता १०,३१५. नाव आणि जन्मवर्ष जुळलं की माणूस तोच, असं धरून ही यादी बनवली होती, कारण जॉर्जियाच्या मतदारयादीत बाहेरच्यांना जन्माचं फक्त वर्ष दिसतं. एवढ्या मोठ्या राज्यात एकाच नावाची, एकाच वर्षी जन्मलेली माणसं कितीतरी असतात. प्रत्यक्ष तपासात निघाली चार मतं. त्यातलं एक तर नवरा वारल्यावर बायकोने त्याच्या नावाने पाठवलेलं होतं.

टपाली पाकिटांवरच्या सह्या नीट तपासल्या नाहीत असाही आरोप झाला. त्याचं थोडक्यात: कॉब काउंटीत १५,११८ पाकिटं राज्याच्या तपास यंत्रणेला सोबत घेऊन तपासली गेली, एकही बनावट मतपत्रिका मिळाली नाही.

‘एका रात्रीत चित्र पालटलं’ हेही चूक. मतदान ३ नोव्हेंबरला झालं आणि बायडन पुढे गेले ते ६ तारखेच्या पहाटे, क्लेटन काउंटीची टपाली मतं मोजल्यावर. ट्रम्प महिनोन्‌महिने आपल्या समर्थकांना टपाली मतदानावर विश्वास ठेवू नका म्हणत होते. त्यामुळे शेवटी मोजलेल्या टपाली मतांचा कल कुठे असणार हे आधीच ठाऊक होतं.

मग ट्रम्प हरले कसे? फुल्टनमध्ये त्यांची टक्केवारी २०१६ मध्ये २७ च्या आसपास होती, २०२० मध्ये २६. तिथे फारसं काही हललंच नाही. हललं ते उपनगरांत. कॉब आणि ग्विनेट या काउंट्यांनी २०१२ मध्ये ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाला साथ दिली होती. २०१६ मध्ये बायडन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांनी कॉबमध्ये जेमतेम २ टक्क्यांनी आघाडी घेतली, बायडन यांनी १४ टक्क्यांनी. ग्विनेटमध्ये ६ चे १८ झाले. अटलांटाच्या उत्तरेकडच्या या पट्ट्यात आपली मराठी घरंही बरीच आहेत, तिथली वस्ती कशी बदलत गेली ते त्यांना विचारा.

सगळ्यात बोलका आकडा सेनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या निवडणुकीचा आहे. त्याच दिवशी, त्याच कागदावर, रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू यांना २४,६२,६१७ मतं पडली, म्हणजे ट्रम्प यांच्यापेक्षा ७६३ जास्त. त्यांच्यासमोरचे डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ बायडन यांच्या सुमारे ९९ हजार मतांनी मागे राहिले. मतं फिरवणाऱ्याने सेनेटची मतं तशीच कशाला सोडली असती? सरळ अर्थ असा, की हजारो लोकांनी सेनेटला पर्ड्यू यांना मत दिलं आणि वर बायडन यांच्यापुढे खूण केली, किंवा तो रकाना कोरा सोडला.

निवडणूक ज्यांच्या हाताखाली झाली ते ब्रॅड रॅफेन्सपर्गर रिपब्लिकन. गव्हर्नर ब्रायन केम्पही रिपब्लिकन. २ जानेवारी २०२१ च्या फोनवर ट्रम्प यांनी रॅफेन्सपर्गर यांच्याकडे ११,७८० मतं, म्हणजे फरकापेक्षा एक जास्त, शोधून द्या अशी मागणी केली, त्याचं रेकॉर्डिंग कुणालाही ऐकता येतं. रॅफेन्सपर्गर यांनी नकार दिला.

आपल्याकडे व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर ईव्हीएमशेजारच्या यंत्रात छापल्या जाणाऱ्या चिठ्ठ्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांपुरत्याच मोजल्या जातात. जॉर्जियाने राष्ट्राध्यक्षपदाचा प्रत्येक कागद मोजला. ईव्हीएमवर लढणाऱ्यांनी तिथलं काही उचलायचं असेल, तर सरकारकडे करण्यासारखी ही मागणी आहे: सगळ्या चिठ्ठ्या मोजा.